नसलेलं यंत्र कसं बांधतात

गेल्या डिसेंबरात बडोद्यातल्या गेंडी गेटच्या पतंग बाजारातून फिरक्या घेऊन घरी आलो, तेव्हा माझी सातवीतली पुतणी म्हणाली, "काका, उत्तरायण दोन दिवसांत संपतं. पतंगाचा गेम बनवला तर वर्षभर उडवता येईल ना?" मी तिला गेम बनवायचं एक मोठं, नावाजलेलं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून दिलं. चार दिवसांनी पाहिलं तर पतंगाचा पत्ता नव्हता. उजेड कुठून पडावा, सावली किती गडद असावी, कॅमेरा किती उंचीवर ठेवावा, अशा शंभर प्रश्नांना ती उत्तरं देत बसली होती आणि त्यातला एकही प्रश्न तिचा नव्हता.

मग आम्ही दोघांनी उलट बाजूनं सुरुवात केली. गेमच्या आधी, तो ज्यावर चालणार ते यंत्र बांधायला घेतलं. अशा यंत्राला फँटसी कन्सोल म्हणतात. हे यंत्र कुठल्याही कारखान्यात कधी बनलेलं नसतं. त्याचा पडदा केवढा, रंग किती, बटणं किती, स्मरणशक्ती किती, हे आधी कागदावर ठरवायचं आणि मग तसं वागणारा प्रोग्राम लिहायचा. जुन्या, खऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. तिथे मूळ यंत्र जसं वागत होतं तसंच वागावं लागतं. इथे मूळ यंत्रच नाही, त्यामुळे कागदावर आपण लिहू तेच खरं.

माझ्या पिढीला असलं यंत्र वेगळं समजावावं लागत नाही. नव्वदच्या दशकात घरोघरी "टीव्ही गेम" होता, आणि कॅसेट चालली नाही की तिच्या दातांवर फुंकर मारायची हे प्रत्येकाला माहीत होतं. ती बहुतेक यंत्रं म्हणजे १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्या फॅमिकॉमचा पडदा २५६ आडवे आणि २४० उभे ठिपके एवढा, आणि कामाची स्मरणशक्ती फक्त २ किलोबाइट. आज फोनवर काढलेल्या एका फोटोला त्याच्या हजार पट जागा लागते. त्या मर्यादा चिपच्या किमतीमुळे आल्या होत्या. फँटसी कन्सोलमध्ये मर्यादा आपण हौसेनं घालून घेतो, कारण मर्यादा म्हणजे आधीच देऊन ठेवलेलं उत्तर. रंग सोळाच आहेत म्हटलं, की पतंग कुठल्या लाल रंगाचा हा प्रश्न उरत नाही. लाल एकच आहे.

हा प्रकार लोकप्रिय केला तो जोसेफ व्हाइट यांच्या पिको-८ ने, २०१५ च्या सुमारास. त्याचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६, आणि एका गेमची कॅसेट ३२ किलोबाइटची. कॅसेट भरली की भरली, पैसे देऊनही वाढवून मिळत नाही. "सेलेस्ट" हा डोंगर चढण्याचा गेम आधी याच पेटाऱ्यात, दोघांनी चार दिवसांत बनवला होता. २०१८ साली जगभर गाजलेला मोठा गेम त्यातूनच वाढला. टिक-८० नावाचं दुसरं यंत्र मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याच्या पोटात काय चाललंय ते कुणालाही वाचता येतं. नुसते गेम बनवायचे असतील तर यातलं एखादं घ्यावं आणि सुरू करावं. आम्हाला मात्र पोटातलं काम स्वतः करून बघायचं होतं.

आमच्या यंत्राचं नाव पुतणीनं ठेवलं "पेटी". पडदा १६० बाय १२०, जुन्या टीव्हीच्या आकाराचा. रंग १६. बटणं सहा: चार दिशांची, एक ढील द्यायचं, एक खेचायचं. स्मरणशक्ती ३२ किलोबाइट. एवढं वहीत लिहिलं आणि खाली दोघांनी सह्या केल्या. सह्या करून घेतल्या ते बरं झालं, कारण पुढच्या महिन्याभरात आकडे बदलायचा मोह मलाच जास्त झाला.

आता पडदा. संगणकाला चित्र म्हणजे काय ते कळत नाही, त्याला आकडे कळतात. आमच्या आजीच्या ट्रंकेत दसुतीच्या नमुन्यांची एक वही आहे. चौकटीचा कागद आणि प्रत्येक घरात एक खूण: या खुणेला लाल दोरा, त्या खुणेला हिरवा. फुली फुलीनं भरत गेलं की मोर तयार होतो. पडद्याचंही तसंच. १६० गुणिले १२० म्हणजे १९,२०० घरं, आणि प्रत्येक घरात ० ते १५ पैकी एक आकडा. स्मरणशक्तीच्या एका कप्प्याला बाइट म्हणतात आणि त्यात ० ते २५५ मधला एक आकडा मावतो. पंधरापर्यंतच्या आकड्यासाठी अख्खा बाइट खर्च करणं म्हणजे एका लवंगेसाठी मोठा डबा. म्हणून एका बाइटमध्ये दोन ठिपके ठेवायचे. डावा ठिपका ८ नंबरच्या रंगाचा आणि उजवा ३ नंबरच्या, तर ८ गुणिले १६ अधिक ३, म्हणजे १३१ एवढंच लिहून ठेवायचं. परत काढताना १३१ ला १६ ने भागा. भागाकार ८, बाकी ३. शाळेतल्या भागाकारातली बाकी इतक्या कामाची असते हे पुतणीला तेव्हा पहिल्यांदा पटलं. अशा रीतीनं अख्खा पडदा ९,६०० बाइटमध्ये बसतो.

कुठला ठिपका कितव्या कप्प्यात, हाही साधा हिशोब आहे. एका ओळीत १६० ठिपके म्हणजे ८० बाइट. वरून २० ओळी सोडून, डावीकडून ५० ठिपके सोडून पुढचा ठिपका हवा असेल, तर २० गुणिले ८० अधिक ५० चे अर्धे: १,६२५. त्या कप्प्यात आकडा बदलला की पडद्यावर रंग बदलतो. पडदा, चित्रं, नकाशा, आवाज, सगळं एकाच लांबलचक चाळीत नंबरवार राहतं. या चाळीच्या पत्त्यांच्या यादीला मेमरी मॅप म्हणतात. आमच्या पेटीत पहिली ९,६०० बिऱ्हाडं पडद्याची, नंतर ४,०९६ चित्रांची, २,४०० नकाशाची, आणि उरलेली गेमच्या हिशोबाला व आवाजाला. यंत्राची ही यादी एका पानावर मावते. मला या सगळ्या उद्योगात सर्वांत मोलाचं हेच वाटतं, की बारा वर्षांच्या मुलीला एक संपूर्ण संगणक डोक्यात धरता आला. तिच्या हातातल्या फोनबद्दल हे कुठलाही इंजिनिअर म्हणू शकणार नाही.

रंगांची गंमत पुढेच आहे. पडद्यावर "८" लिहिलंय, पण ८ म्हणजे लाल हे कुणी ठरवलं? त्यासाठी सोळा ओळींची वेगळी तक्ती असते, तिला पॅलेट म्हणतात. आजचा पडदा सुमारे १ कोटी ६७ लाख रंग दाखवू शकतो, त्यातले सोळा आपण निवडायचे. चित्र काढायच्या क्षणी तक्तीत ८ च्या पुढे लालऐवजी पिवळा लिहिला, तर तोच पतंग पिवळा उमटतो. आमच्या आकाशात अकरा रंगांचे पतंग आहेत आणि चित्र एकच, आठ बाय आठ चौकटींचं. चौसष्ट ठिपके, बत्तीस बाइट.

एक गोष्ट आधी ठरवायला विसरू नका: चित्रातला कुठला रंग "काढायचाच नाही". चित्र चौकोनी, पतंग तिरपा. कोपऱ्यातल्या रिकाम्या घरांतून मागचं आकाश दिसायला हवं. आम्ही ० नंबरला ते काम दिलं आणि ० म्हणजे काळा होता. त्यामुळे पतंगाच्या मधली काळी काडी गायब झाली, आणि आम्ही संध्याकाळभर चूक भलत्याच ठिकाणी शोधत राहिलो. शेवटी काडीला गडद निळा दिला.

अगाश्या, म्हणजे घरांच्या गच्च्या, काढायला नकाशा लागतो. आमच्या भागातल्या घरांच्या कौलांची एक तुकडी, कठड्याची एक, पाण्याच्या टाकीच्या दोन, तुळशीवृंदावनाची एक, अशी आठ बाय आठची चित्रं पुतणीनं काढली. पडद्यावर अशा २० आडव्या आणि १५ उभ्या तुकड्या बसतात. मग पूर्ण देखावा साठवायला फक्त ३०० आकडे पुरतात, पहिल्या घरात कौल, दुसऱ्यात कौल, तिसऱ्यात टाकी. ९,६०० च्या जागी ३००. जुन्या टीव्ही गेममध्ये तीच झुडपं आणि त्याच विटा पुन्हा पुन्हा का दिसायच्या, त्याचं उत्तर हेच.

आणि दोरा? पतंगापासून फिरकीपर्यंत तिरपी रेघ चौकटींच्या कागदावर कशी काढायची? १९६२ साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेझनहॅम यांनी यावर एक रीत शोधली. कागदावर पेनानं रेघा काढणाऱ्या यंत्रासाठी ती होती. त्यात अपूर्णांक लागतच नाहीत. समजा दोरा १० घरं आडवा आणि ४ घरं वर जायचाय. एक गल्ला घ्या. दर आडव्या पावलाला त्यात ४ टाका. गल्ल्यात १० किंवा जास्त झाले की एक घर वर चढा आणि १० काढून घ्या. ४, ८, १२ (चढा, उरले २), ६, १० (चढा, उरले ०), आणि पुन्हा तसंच. दहा पावलांत बरोबर चार चढ. मूळ रीतीत रेघ मधोमध दिसावी म्हणून गल्ला अर्धा भरून सुरुवात करतात, बाकी सगळं हेच. हे मी तिला वाटाण्याचे दाणे मांडून दाखवलं, आणि प्रोग्राम तिनं स्वतः लिहिला.

हाच गल्ला आम्हाला पुढच्या अडचणीतही सोडवून गेला. कुठलाही गेम म्हणजे एक न थांबणारी फेरी असते: बटणं बघा, जग एक पाऊल पुढे सरकवा, चित्र काढा, पुन्हा बटणं बघा. माझ्या लॅपटॉपवर ही फेरी सेकंदाला साठ वेळा फिरत होती, कारण पडदा सेकंदाला साठदा नवा होतो. मग भावाच्या नव्या संगणकावर गेम लावला आणि पतंग सुसाट सुटला. त्याचा पडदा सेकंदाला १४४ वेळा बदलणारा होता, म्हणजे वारासुद्धा जवळजवळ अडीच पट. यावर उपाय असा. पेटीचं जग सेकंदाला तीसच पावलं चालणार, म्हणजे एक पाऊल सुमारे ३३ मिलिसेकंदांचं. प्रत्येक फेरीत मागच्या फेरीपासून गेलेला वेळ गल्ल्यात टाकायचा. ३३ जमले की जग एक पाऊल चालवायचं आणि ३३ काढून घ्यायचे. उरलेली चिल्लर पुढच्या फेरीला. यंत्र वेगवान असो की रखडणारं, वारा सारखाच वाहतो. फक्त गल्ल्याला झाकण हवं. कुणी गेम तसाच सोडून जेवायला गेलं, तर परतल्यावर अर्ध्या तासाची पावलं एकदम पडायला नकोत. आम्ही एका फेरीत जास्तीत जास्त चार पावलं ठेवली.

बटणांत एकच बारकावा आहे, पण खेळणाऱ्याच्या हाताला तो लगेच जाणवतो. ढील देताना बटण दाबून ठेवायचं असतं. खेच मात्र हिसका असतो, एकदाच. म्हणून यंत्रानं दोन गोष्टी सांगायला हव्यात: बटण खाली आहे का, आणि ते आत्ता, याच पावलात खाली गेलं का. दुसऱ्यासाठी मागच्या पावलाची स्थिती लक्षात ठेवायची. आता दाबलेलं आहे आणि मघाशी नव्हतं, तर हिसका.

आवाजाचं काम सोपं ठेवलं. दोनच सूर एका वेळी, आणि एक खरखर. फॅमिकॉममध्ये दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी आणि एक खरखर होती, वर ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी एक वाट. चौकोनी लहर म्हणजे स्पीकरचा पडदा एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. सेकंदाला ४४० वेळा असं केलं की पांढरी सहा वाजते. दुप्पट केलं की वरच्या सप्तकातली तीच पट्टी. मधल्या अकरा पट्ट्यांसाठी प्रत्येक वेळी सुमारे १.०५९५ ने गुणायचं. पेटी हे नाव इथे अगदीच सार्थ झालं.

ज्यांना याहून खोल जायचंय, म्हणजे यंत्राची स्वतःची भाषासुद्धा आपणच चालवायची आहे, त्यांनी चिप-८ या छोट्याशा भाषेपासून सुरुवात करावी. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीतले जोसेफ वाइसबेकर यांनी कॉस्मॅक व्हीआयपी या हौशी लोकांच्या संगणकासाठी १९७७ मध्ये ती आणली. जेमतेम पस्तीस आज्ञा. पडदा ६४ बाय ३२, ठिपका चालू किंवा बंद, म्हणून अख्खा पडदा २५६ बाइटांत. आज्ञा वाचून पाळणारा मूळ प्रोग्राम ५१२ बाइटांचा होता आणि चाळीतली पहिली ५१२ बिऱ्हाडं त्याचीच होती. म्हणून आजही चिप-८ चे गेम ५१२ व्या पत्त्यापासून सुरू होतात. तिच्यात चित्र काढायची आज्ञा ठिपके उलटे करते, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू, आणि एखादा चालू ठिपका बंद झाला तर तसं कळवते. दोन वस्तू एकमेकांवर आपटल्या हे त्यातूनच कळतं, वेगळा हिशोब नको. पस्तीस आज्ञा म्हणजे सुट्टीतल्या एका आठवड्याचं काम आहे. वाइसबेकरांची मुलगी जॉइस हिनं वडिलांच्या रचनेवरच्या स्टुडिओ-२ या यंत्रासाठी १९७६ मध्ये गेम लिहिले होते. पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "तिला पगार मिळाला होता का?"

आता भाषा. पिको-८ मध्ये गेम लुआ या भाषेत लिहितात. ती १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या विद्यापीठात तयार झाली, लहान आहे आणि दुसऱ्या प्रोग्रामच्या पोटात बसवायला सोपी आहे. आम्ही मात्र ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट घेतली आणि त्याचं कारण एकच: तिच्यात आज्ञांना देवनागरीत नाव देता येतं. ठिपका, रेघ, चित्र, नकाशा, सूर, दाबलं, हिसका, रंगबदल, पुसा. पेटीला एवढ्या नऊच आज्ञा येतात. गेमला याबाहेर कशालाही हात लावता येत नाही, फायलींना नाही आणि इंटरनेटलाही नाही. ठिपका(५०, २०, ८) असं लिहिलं की ठिपका उमटतो. देवनागरी आकडे जावास्क्रिप्टला कळत नाहीत, म्हणून प्रोग्राम चालवण्याआधी पेटी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घेते. चार ओळींचं काम आहे. "जर", "नाहीतर" हे शब्द मात्र इंग्रजीच ठेवावे लागले.

याच शहरात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. त्याचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की रंगकाम, यंत्रकाम लोकांना त्यांच्या भाषेतून शिकवावं. पुतणी शाळेत इंग्रजीतून शिकते, गल्लीत गुजराती बोलते आणि चुकलेला दोरा शोधताना पुटपुटते ते मराठीत. तिनं "रेघ" लिहिलं आणि रेघ आली, तेव्हा मला गज्जरांची आठवण झाली.

कॅसेटची कल्पना आम्ही पिको-८ कडून घेतली. तिथे गेम एका चित्रात लपवलेला असतो. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे असतात. त्यातल्या प्रत्येकाचे शेवटचे दोन बिट (बिट म्हणजे ० किंवा १, असे आठ मिळून एक बाइट) बदलले तर डोळ्याला फरक कळत नाही. चार दुणे आठ बिट, म्हणजे एका ठिपक्यात एक बाइट. १६० बाय २०५ च्या चित्रात ३२,८०० ठिपके असतात आणि ३२ किलोबाइट म्हणजे ३२,७६८ बाइट. कॅसेटच्या फोटोतच कॅसेट मावते! पुतणीनं ग्वाल्हेरच्या मावसभावाला असा फोटो मोबाइलवरून पाठवला आणि तिकडे काहीच उघडलं नाही. फोटो म्हणून पाठवलं की ॲप त्याला दाबून लहान करतं आणि शेवटचे बिट पार विस्कटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर पतंग ग्वाल्हेरला पोचला.

अक्षरांपाशी आम्ही सर्वांत जास्त अडलो. पिको-८ ची इंग्रजी अक्षरं तीन बाय पाच ठिपक्यांत बसतात. देवनागरीला वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार. आठ ओळींत "कू" आणि "कैं" दोन्ही वाचता येतील असं लिहून बघा, शाई फुटल्यासारखं दिसतं. शिवाय "कि" मध्ये वेलांटी साठवली जाते क नंतर, पण दिसायला हवी क च्या आधी. जोडाक्षरांत तर अर्धी अक्षरं एकमेकांच्या कुशीत शिरतात. आम्ही अक्षराची उंची सोळा ठिपके केली: चार ओळी मात्रांना, एक शिरोरेषेला, सात अंगाला, चार उकाराला. ऱ्हस्व वेलांटी दिसली की पेटी तिची आणि व्यंजनाची अदलाबदल करते. जोडाक्षरांची यादी मात्र संपेना, म्हणून गेममध्ये लागतील तेवढीच काढायची असं ठरलं.

लागत होतं एकच. पतंग कापला की पडद्यावर मोठ्यानं "काप्यो छे!" यायला हवं होतं, कारण बडोद्यात ते मराठी माणूसही गुजरातीतच ओरडतो. "प्यो" साठी पुतणीनं आजीच्या दसुतीच्या वहीतलं एक कोरं पान मागून घेतलं. अर्धा प, त्याला चिकटलेला य, काना, वर मात्रा. तीन वेळा खोडलं, चौथ्यांदा य ची गाठ एक घर खाली घेतली आणि अक्षर उघडलं. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या रात्री, बाहेर तुक्कल (दिव्याचे कंदील) उडत असताना, ते पहिल्यांदा पडद्यावर आलं. पिवळ्यात, तेरा नंबर.